दाजींचा तपकिरी स्वेटर

माझे दाजी जेवणाला मार्क देत. दहापैकी. ताट समोर आलं की आधी वरणात बोट बुडवायचं, ते जिभेला लावायचं, डोळे मिटायचे आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात आकडा सांगायचा. "आज वरणाला पाच." "भाजीला चार. मीठ कुठाय?" "भाकरीला सहा, पण कडा जाड." आठाच्या वर कुठलाही पदार्थ गेल्याचं मला आठवत नाही, आणि तो आठही त्यांच्या आईनं गावाकडून पाठवलेल्या लोणच्याला मिळाला होता. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आकडा ऐकायची आणि पदराला हात पुसायची. हात कोरडे असले तरी पुसायची. पाहुणे आले की दाजींना विशेष चेव येई. पाहुणे हसायचे, मग दाजीही हसायचे, आणि शेवटी ताईलाही हसावं लागायचं. मी कोपऱ्यात पाण्याचे तांबे भरत उभी असे.

मी तिथं कशी आले ते सांगते. आमचं घर उदगीरचं. अण्णांचं, म्हणजे वडलांचं, धान्याच्या मोंढ्यात आडत दुकान होतं. तुरीचा दाणा दाताखाली फोडून त्यात ओल किती ते अण्णा सांगायचे आणि शेतकरी-व्यापारी दोघंही ते मानायचे. ताईसाठी नवरा पसंत करताना मात्र दाणा फोडून बघायचा राहिला. नांदेडला सरकारी कचेरीत मोठा हुद्दा, स्वतःचं घर, बोलायला फर्डा. अण्णा पोतं न उघडताच हो म्हणाले. आणि एकदा जावई झाला की आमच्याकडे तो देवाच्या खालोखाल. पहिलं ताट जावयाचं, न्हाणीतलं पहिलं कढत पाणी जावयाचं, जीपमधली पुढची सीट जावयाची. जावई बोलले म्हणजे विषय संपला. मी बारावी झाले तेव्हा मला औरंगाबादच्या वसतिगृहात जायचं होतं. दाजी म्हणाले, "वसतिगृह कशाला? आमचं घर काय ओस पडलंय?" विषय संपला. माझी पत्र्याची पेटी नांदेडला गेली.

तसं मला नांदेड आवडायचं. अजून आवडतं. पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन वाऱ्यावर येई, कधी स्पष्ट, कधी नुसता पेटीचा सूर. मागोमाग नळाला पाणी आलं की गल्लीभर घागरी खणखणायच्या. मग ताई परातीत पीठ मळायची आणि भाकरी थापण्याचा तो पट् पट् आवाज सुरू व्हायचा. ताईच्या हाताला चव होती हो. तिचं येसराचा मसाला घातलेलं वरण असं असायचं की मी आजही डोळे मिटले तर नाकाशी वास येतो. लग्नाआधी उदगीरला शेजारपाजारच्या बायका तिच्याकडून येसर भाजून न्यायच्या. आणि त्याच हाताच्या वरणाला रोज पाच. मी कॉलेजातून येऊन भांडी घासायची, दाजींच्या शर्टांना इस्त्री करायची, आणि आलेल्या-गेलेल्याला दाजी सांगायचे, "मेव्हणीला शिकवायलोय आम्ही. शिकू द्या, म्हणलं, आपल्या घरचं काय जातंय." जेवणाचा खर्च अण्णा दर महिन्याला पाठवत असत, हे सांगायचं ते दर वेळी विसरायचे.

दाजींना आणखी एक गोष्ट यायची, असं त्यांचं आणि गल्लीचं मत होतं. हवामान. संध्याकाळी ओट्यावर उभं राहून आभाळाकडं बघून ते निकाल द्यायचे. "आज न्हाई येत पाऊस. गच्चीवर झोपा निवांत." नाही आला तर दाजी बरोबर. आला तर "मी म्हणलं होतं, येईल तर जोरात येईल." दोन्हीकडून त्यांचंच. मी भूगोल घेऊन बीएस्सी करत होते आणि तिसऱ्या वर्षाला आम्हाला हवामानाचा एक पेपर होता. पुस्तकातलं वाचून मी एकदा काहीतरी बोलायला गेले. दाजी म्हणाले, "सुले, तुला वरणाची फोडणी देता येईना, अन् तू ढगाचं सांगायलीस?" सगळे हसले. ताईनं पदराला हात पुसले.

त्याच वर्षी त्यांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. त्यांचा चुलतभाऊ, किनवटला औषध-फवारणीचं दुकान. मुलगा वाईट नसावा. मी त्याला दोनदाच बघितला, आणि दोन्ही वेळा तो दाजींच्या विनोदाला दाजींच्या आधी हसला. मला पुण्याला जाऊन हवामानाचं पुढचं शिकायचं होतं. अण्णांना हे मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, "जावईबापूंना विचारून बघू." जावईबापूंना काय विचारायचं! त्यांनी तर साखरपुड्याचं जेवणही ठरवलं होतं, आणि त्यालाही मनातल्या मनात मार्क देऊन ठेवले असणार.

मधल्या काळात एक गंमत झाली. तुरीची रास होऊन मोंढा थंडावला की उदगीरची चार घरं मिळून दरवर्षी कुठंतरी जायची. सोबत आचारी, पिठाचा डबा, डाळ, शेंगदाण्याची चटणी, पातेली, सगळं गाडीत. त्या वर्षी दाजी म्हणाले, "देवदेव पुरे झालं. यंदा बर्फ." हिमाचलात कुठंतरी लोक पायाला पट्ट्या बांधून बर्फावरून घसरतात हे त्यांनी टीव्हीवर बघितलं होतं. मग काय, नांदेडहून गाडीत बसलो. दोन रात्री आणि तीन प्रांत ओलांडून, नंतर बसमध्ये उलट्या करत करत, आम्ही ज्वारीच्या पिठासकट हिमालयात पोचलो. निघण्याआधी ताईनं दाजींसाठी तपकिरी लोकरीचा स्वेटर विणला होता. नांदेडच्या हवेत स्वेटर विणत बसलेली बाई बघून शेजारणी तिला हसायच्या. दाजींनी तो अंगात घातला, आरशात मागून-पुढून बघितलं. "पाच," म्हणाले. "बाह्या लांब झाल्या."

आमच्यातल्या सगळ्यांनी तोवर बर्फ फक्त रसवंतीच्या लाकडी पेटीत, भुशात गुंडाळलेला बघितला होता. इथं तो डोंगरभर उघड्यावर पडला होता, आणि पहिला अर्धा दिवस आई "किती हे नुकसान" अशा नजरेनं बघत होती. भाड्यानं लांब कोट आणि गमबूट मिळत. आईनं नऊवारीचा काष्टा घट्ट मारून त्यावर गुडघ्याखालपर्यंतचा कोट चढवला. ती थेट रेल्वेतल्या गार्डासारखी दिसायला लागली. दाजींनी कोट नाकारला. "लोकांच्या घामाचे कोट मी घालत नाही." त्यांना स्वेटर पुरे होता. घसरायच्या पट्ट्या मात्र त्यांनी सगळ्यात लांब निवडल्या, कारण हुद्द्याला तेच शोभलं असतं. मीही बांधल्या. मी पहिल्या उतारावर सात वेळा पडले आणि आठव्यांदा पडायला उठलेच नाही, तिथंच बसून राहिले. बसल्या बसल्या मला ती पाटी दिसली.

घसरायला शिकवणाऱ्यांच्या खोपीबाहेर एक काळी पाटी होती. रोज सकाळी तिच्यावर खडूनं लिहीत: खाली बर्फ किती, रात्रीत नवा किती पडला, वरती किती अंश, वारा कुठून आणि कसा, तारेवरून वर जाणारा खुर्च्यांचा पाळणा चालू का बंद. मला पुस्तकातला तो कंटाळवाणा धडा अचानक उभा राहून बोलायला लागल्यासारखं झालं. खोपीतले एक वयस्कर मास्तर हिंदीतून मला समजावून सांगायचे, मी मराठवाड्याच्या हिंदीतून विचारायचे, आणि आमचं छान जमायचं. सकाळी तोच उतार काचेसारखा कडक का असतो? तर रात्री आभाळ निरभ्र असलं की वरचा बर्फ गोठून गुळाच्या ढेपेसारखा होतो. दुपारी ऊन लागलं की सैल पडतो, जास्त पाणी झालेल्या मुरमुऱ्यांच्या सुशील्यासारखा, पाय आत जातो. आणि नवा पडलेला, कोरडा, तो चाळलेलं ज्वारीचं पीठच. ही उदाहरणं मास्तरांची नव्हेत, माझी. आजही लातूरच्या कॉलेजात मुलांना बर्फाचे प्रकार शिकवताना मी हीच देते, आणि मुलं बर्फ विसरतात पण सुशीला विसरत नाहीत. मी पाटी वाचताना दाजी मागून जाता जाता म्हणाले, "पाटी वाचून हवामान तर पोस्टमनबी सांगंल."

सगळ्यांची एकच इच्छा होती. जमिनीवरचा बर्फ बघून झाला होता. आता तो पडताना बघायचा होता. एवढ्या लांब येऊन आभाळातून पडणारा बर्फ न बघता परत गेलो तर मोंढ्यात तोंड काय दाखवायचं? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थंडी अशी पडली की आचाऱ्याच्या हातातून झारा सुटेना. चांदण्या इतक्या स्वच्छ की हात लावावा. दाजी व्हरांड्यात आले, तोंडातून वाफ काढली आणि निकाल दिला, "उद्या बर्फ. लिहून घ्या. गारठा इतका म्हणल्यावर बर्फ ठरलेला." हे सगळ्यांना पटलं. का पटणार नाही? आमच्या मुलखात थंडी म्हणजे थंडी आणि तिचा शेवट म्हणजे बर्फ, असंच डोक्यात असतं. आम्हाला वाटायचं गारठा वाढत वाढत गेला की त्याचाच बर्फ होतो, दूध आटून बासुंदी व्हावी तसा. मलाही आदल्या दिवसापर्यंत तसंच वाटत होतं. पण पुस्तकात होतं, मास्तरांनीही सांगितलं होतं: स्वच्छ आभाळ म्हणजे कडाका, आणि ढगाशिवाय पडणार काय? मी तोंड उघडणार होते. मग उघडलं नाही. मला दुसऱ्या दिवशीची सकाळ बघायची होती.

सकाळी चारही घरं अंगणात छत्र्या घेऊन उभी. आईनं पातेली झाकून ठेवली. लख्ख ऊन पडलं, असं की डोळे दिपावेत. "दुपारपर्यंत येईल," दाजी म्हणाले. दुपारी म्हणाले, "संध्याकाळी." संध्याकाळी म्हणाले, "गारठा थोडा कमी पडला." आणि मंडळींनी ते मान्य केलं! शिवाय आचाऱ्याच्या पिठल्याला दाजींनी चार दिले आणि सगळे हसले. मी त्या रात्री ठरवलं की आता सोडायचं नाही.

संधी दुसऱ्याच दिवशी चालून आली. सकाळी उठले तर अंगाला बोचरं काही लागेना. वारा फिरला होता, दक्षिणेकडून येत होता, जड आणि ओलसर. सूर्याभोवती फिकट कडं होतं. पलीकडच्या शिखरानं ढगाची टोपी घातली होती. आई कोटाची बटणं काढत म्हणाली, "आज उबारा सुटलाय बाई." मला काटा आला. उबारा! मृगाआधी उदगीरला असाच उबारा सुटतो आणि आई अशीच म्हणते, आणि मग अंगणातले पापड घाईनं आत आणते. इथं फक्त पाण्याच्या जागी बर्फ. मी धावत पाटीकडं गेले. अंश वर चढलेले, वारा दक्षिणेचा, दुपारनंतर पाळणा बंद होण्याची शक्यता. मास्तर म्हणाले, "आएगा. पर पहाड है, बेटी, मुकर भी जाता है।" म्हणजे डोंगर कधी शब्द फिरवतोही.

दाजी न्याहारीला धपाट्याला सहा देऊन उठले आणि स्वेटर काढून ताईच्या अंगावर फेकला. "धर. आज उकडायलंय. आज बर्फाचं नाव काढू नका. मी पाळण्यानं वर जाऊन येतो, मग बाकीच्यांनी या." वर पहिला जाण्याचा मान अर्थात जावयाचा.

आता लक्षात घ्या, मी खोटं एक अक्षर बोलले नाही. दाजींना खड्ड्यात घालायला खोट्याची गरजच नव्हती. खरं सांगितलं की पुरे, ते मी सांगितलं म्हणूनच ते ऐकणार नाहीत, हे मला नांदेडच्या तीन वर्षांनी शिकवलं होतं. तरी वर चहाची बंदिस्त खोपी आहे आणि तिथं शेगडी असते हे मी मास्तरांना आधीच विचारून घेतलं होतं. मला विधवा ताई नको होती. मला फक्त गारठलेले दाजी हवे होते.

"दाजी," मी सगळ्यांसमोर म्हणाले, "स्वेटर घालून जा. दुपारनंतर बर्फ पडणार आहे."

"कोण म्हणलं?"

"मी म्हणते."

दाजी वळले. तोंडभर हसले. "ऐकलं का अण्णा? काल एवढा गारठा होता तर पडला न्हाई, अन् आज घाम यायलाय तर पडणार! हे शिकवतेत का कॉलेजात?"

"पडला तर?" मी विचारलं.

"पडला तर तू म्हणशील ते. जा पुण्याला, न्हाईतर चंद्रावर. अन् न्हाई पडला दिवस मावळायच्या आत, तर परत गेल्या गेल्या साखरपुडा, अन् तिथून पुढं तोंड बंद. हाव का?"

"हाव."

"जावईबापू, अहो हे काय..." अण्णा पुढं झाले.

"असू द्या अण्णा. माझा शब्द आहे, चार घरांसमोर." दाजी खुर्चीत बसले, पाळणा हलला आणि ते अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, पाय हलवत, रथातल्या देवासारखे वर गेले.

पुढचे तास कसे गेले ते मी सांगू शकत नाही, कारण त्यातले बरेचसे मी देवाशी सौदा करण्यात घालवले. दाजींची मजा अशी की वर गेल्यावर ते खाली यायला तयार नव्हते. वरून येणारे लोक सांगत, एक गृहस्थ तिथं सगळ्यांना हवामान समजावतायत. दुपारी ऊन परत कडक पडलं. सूर्याचं कडं गेलं. शिखराची टोपीही हलली. अण्णा दगडावर बसून नुसता अडकित्ता उघडत-मिटत होते, सुपारी नव्हतीच हातात. चार घरांतल्या बायका माझ्याकडं कीव आल्यासारखं बघायला लागल्या. एकीनं तर किनवटचं हवापाणी चांगलं असतं म्हणून सांगितलं. मला ते दुकान दिसायला लागलं. फवारणीच्या डब्यांचा वास, गल्ल्यामागे तो हसणारा चुलतभाऊ, आणि दर सणाला दाजी येऊन माझ्या वरणात बोट घालतायत. तेवढं एक बोट टाळायला मी पाताळात गेले असते पण किनवटला गेले नसते. ताई माझ्याशेजारी दाजींचा स्वेटर छातीशी धरून बसली होती. तिनं हळूच विचारलं, "सुलू, खरंच पडंल?" मी म्हणाले, "पडंल." माझा स्वतःचा विश्वास तेव्हा चार मार्कांचा होता.

मग वारा एकदम थांबला. उजेड पिवळट झाला. आवाज कुठंतरी आत ओढले गेल्यासारखे बारीक झाले. आई धपाटा खात होती. तिनं तो डोळ्यांजवळ धरून बघितला आणि वर मान केली. "अगं बाई, वर कुणी पीठ चाळायलंय का?"

धपाट्यावर पांढरा ठिपका होता. मग दुसरा. मग आईच्या काळ्या कोटाच्या खांद्यावर, अण्णांच्या टोपीवर, ताईच्या हातातल्या तपकिरी लोकरीवर. आणि बघता बघता समोरचा डोंगर दिसेनासा झाला. चारही घरं वेड्यासारखी नाचत होती. आचारी परात घेऊन उभा राहिला, परातीत बर्फ धरायला. मी नाचले नाही. मी पाळण्याकडं बघत होते. वारा परत उठला होता, या वेळी डोंगरावरून सरळ खाली, आणि खुर्च्या झुलायला लागल्या तशी तार थांबली. पाटीवर मास्तरांनी मोठ्या अक्षरात लिहिलं: बंद.

ताईनं हातातल्या स्वेटरकडं बघितलं. मग तिनं भाड्याचा कोट काढला, स्वेटर डोक्यातून अंगात घातला, वरून परत कोट चढवला. बाह्या खरंच लांब होत्या. तिची बोटं पार आत झाकली गेली. तिनं पदराला हात पुसले नाहीत. पुसायला हात बाहेर कुठं होते?

दिवस मावळायच्या जरा आधी त्यांना आणलं. जखमी माणसांना खाली आणायची एक लांबट घसरगाडी असते. तिच्यावर दाजींना आडवं घालून, घोंगड्यात गुंडाळून, पट्ट्यांनी आवळलं होतं. आमच्या मोंढ्यात तुरीचं पोतं हातगाडीवर बांधतात, अगदी तसं. फक्त तोंड उघडं. भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी, नाकाचा शेंडा जांभळा. दुखापत काही नव्हती. शेगडीजवळ बसायचं सोडून ते थंडीच्या कारणांवर बोलत दारात उभे राहिले होते, असं मास्तरांनी सांगितलं. पट्टे सोडल्यावर दाजी बसते झाले. दात वाजत होते. चार घरं भोवती गोल उभी होती आणि सगळ्यांवर तो पीठ चाळल्यासारखा बर्फ पडत होता.

"स्वेटर," दाजी म्हणाले. "मा-माझा स्वेटर कुठाय?"

ताईनं कोटाचं वरचं बटण काढून दाखवलं. आत तपकिरी गळा.

मी पुढं झाले. तीन वर्षं मी हे वाक्य तांबे भरता भरता, भांडी घासता घासता, इस्त्री करता करता मनात घोळवलं होतं. फक्त ते कशाला लावायचं हे मला माहीत नव्हतं. मी बोट पुढं केलं, त्यावर बर्फाचा एक कण झेलला, जिभेला लावला, डोळे मिटले आणि पलीकडच्या हॉटेलात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दाजी, तुमच्या हवामानाला दहापैकी दोन."

कुणी हसलं नाही. क्षणभर मला वाटलं की मी फार पुढं गेले. तेवढ्यात बाजूनं, बर्फाइतक्या हलक्या आवाजात, ताई म्हणाली, "दोन जास्त होतात."

मग जे हसू फुटलं ते मी अजून ऐकते. आई हसली, आचारी परातीसकट खाली बसला, दाजींना बांधून आणणारी माणसं मराठी कळत नसूनही हसली. आणि त्या हसण्यात दाजींना, पाहुण्यांसमोर ताईला हसावं लागायचं तसं, हसावं लागलं. दात वाजत असल्यानं ते नीट जमलं नाही. बाह्या लांब असूनही मी ताईचे हात शोधून घट्ट धरले.

रात्री शेगडीभोवती दाजी जरा शुद्धीवर आले आणि म्हणाले, "अण्णा, ते पैजेचं आपलं गमतीत होतं बरं का. पोरगी एकटी पुण्याला..." अण्णांनी अडकित्ता मिटला. सबंध दिवसात ते पहिल्यांदा नीट बोलले. "गंमत कशी जावईबापू? तुम्ही चार घरांसमोर शब्द दिलाय. आमच्यात जावयाचा शब्द खाली पडू देत न्हाईत." आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सुलू, पुण्याची तयारी कर. दाजींचा मान राखायचाय आपल्याला." मोंढ्यात तुरीचा दाणा फोडताना अण्णांच्या तोंडावर जे असायचं, तेच तेव्हा होतं. उशिरा का होईना, त्यांनी दाणा फोडला होता.

लोक विचारतात, इतक्या वर्षांनी वाईट वाटतं का? दाजी आता थकलेत, निवृत्त झालेत, गुडघे दुखतात. मला वाईट वाटायला हवं, आणि मी प्रामाणिकपणे प्रयत्नही केला. जमलं नाही. पावसाळ्यात नांदेडहून फोन येतो, "सुलू, पाऊस कसा काय गं?" मी म्हणते, "दाजी, ताईला फोन द्या." ताईला सगळं नीट सांगते. मग ती ओट्यावर उभी राहून गल्लीला सांगते, आणि गल्ली तिचं ऐकून पापड आत नेते. दाजी मागे खुर्चीत बसून राहतात.

गेल्या हिवाळ्यात मी नांदेडला गेले होते. ताईनं तो तपकिरी स्वेटर घातला होता. कोपराला रफू, पण बाह्या तशाच लांब. ती दर थंडीत घालते, दाजींना तो पुन्हा कधी मिळाला नाही. जेवायला बसलो. दाजींनी सवयीनं वरणात बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले. मीही चाखलं होतं. वरण खारट होतं, चांगलंच खारट, मीठ दोनदा पडल्यासारखं. ताई दारात उभी होती, लांब बाह्यांची घडी हळूहळू वर करत. दाजींनी डोळे उघडले, तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"छान झालंय," ते म्हणाले, आणि वाटीभर वरण संपवलं.

ताईचं मीठ सबंध आयुष्यात कधी चुकलेलं मला आठवत नाही.